घरासाठी नवीन कॉम्प्युटर: कुठून घ्यायचा आणि कसा घ्यायचा

घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटर येणार असेल, किंवा जुन्याने आता मान टाकली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी जुने कॉम्प्युटर एकदम बदलायला आले आहेत आणि लोक घाईघाईत बाजारात उतरलेत. अशा घाईचा फायदा घेणारेही असतातच.

आम्ही चिपळूणचे. घरच्यांसाठी आणि नातेवाइकांसाठी मी गावातल्या दुकानातून, ऑनलाइन आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अशी तिन्हीकडून खरेदी केली आहे. त्यातून माझं मत पक्कं झालंय ते असं: कॉम्प्युटर कुठून घ्यायचा हे नुसत्या भावावर ठरवू नका. तो बंद पडला तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे आधी ठरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवतीच आहेत.

१. आधी कामं लिहून काढा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" त्याच्या आधी घरी बसून एका कागदावर लिहा: कॉम्प्युटर कोण वापरणार आणि कशासाठी. दहावीतल्या मुलीचा अभ्यास, बाबांचं बँकेचं काम, आईच्या क्लासचे हिशेब, फोटो साठवणं एवढंच असेल तर महागडं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र उमटवणारा वेगळा भाग) लागत नाही. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी ड्रॉइंग किंवा मोठे गेम असतील तर लागतं. इंजिनीअरिंग किंवा आर्किटेक्चरला जाणारं मूल असेल तर कॉलेजमध्ये कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. टॅली किंवा डिजिटल सहीचं काम असेल तर विंडोजच घ्या.

हा कागद खिशात ठेवा. विक्रेता "थोडे वाढवा, वरचं मॉडेल येतं" म्हणायला लागला की तो उपयोगी पडतो.

२. डेस्कटॉप, लॅपटॉप की ऑल-इन-वन

मशीन एका जागी राहणार असेल तर डेस्कटॉप घ्या. तेवढ्याच पैशात ताकद जास्त मिळते, पडदा मोठा मिळतो आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. हॉस्टेलला जाणारं मूल असेल किंवा घरात दिवसाचे चार-सहा तास वीज जात असेल तर लॅपटॉप. मात्र बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) मुख्य बोर्डावरच, म्हणजे मदरबोर्डावर, डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे मोकळा स्लॉट आहे का ते घेण्याआधीच विचारा.

ऑल-इन-वन, म्हणजे पडद्यातच सगळं मशीन असलेला कॉम्प्युटर, दिसायला सुटसुटीत असतो, पण त्यात लॅपटॉपचे तोटे येतात आणि तो उचलूनही नेता येत नाही. पडदा गेला तर सगळंच मशीन सर्व्हिस सेंटरला जातं. जागा अगदीच कमी नसेल तर मी तो सुचवत नाही.

३. आतलं काय बघायचं

प्रोसेसर. हा कॉम्प्युटरचा मेंदू. सगळ्यात मोठी फसगत इथे होते. "आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी, मॉनिटरसकट पूर्ण सेट" असं म्हणून वीस हजारांच्या आतबाहेर नवा कॉम्प्युटर दाखवतात. कॅबिनेट नवं असतं, रंगीत दिवे लागतात, पण आतला आय-५ दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा असतो, म्हणजे २०११ ते २०१३ च्या सुमाराचा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. जुन्यावर ते जुगाड करून टाकून देतात आणि पुढे एखाद्या अपडेटला गाडी अडते. म्हणून "आय-५" एवढ्यावर थांबू नका, पूर्ण क्रमांक विचारा. आय-५ १२४०० मधले पहिले दोन आकडे, १२, म्हणजे पिढी. अलीकडे इंटेलने नावं बदलली आहेत, "कोअर ५" आणि "कोअर अल्ट्रा" अशीही येतात. पूर्ण क्रमांक मिळाला की इंटेलच्या साइटवर तो कोणत्या वर्षीचा आहे ते दोन मिनिटांत कळतं.

क्रमांकाच्या शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलमध्ये शेवटी "एफ" असेल, जसं १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. घरगुती कामाला ग्राफिक्स असलेलाच घ्या.

आणखी एक विचारा: "बॉक्स की ट्रे?" बॉक्समधल्या इंटेल प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे, म्हणजे सुटा आलेला प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी दुकानदारावर असते. दुकान परगावचं असेल तर ट्रे घेऊ नका.

रॅम. आज घेताना १६ जीबी घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण कारखान्यांचा बराच माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. सोळाचं झेपत नसेल तर ८ जीबीची एकच पट्टी घ्या आणि एक स्लॉट रिकामा ठेवा. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही, त्यामुळे पुढे वाढवायची असेल तर बोर्ड कोणता आहे ते बिलावर असलंच पाहिजे.

एसएसडी. सगळी माहिती साठवणारा भाग. सिस्टिमसाठी फिरती हार्ड डिस्क आता घेऊच नका. ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी पुरते. अनोळखी ब्रँडची स्वस्त एसएसडी टाळा, घरातले सगळे फोटो तिच्यातच राहणार आहेत.

एसएमपीएस. वीज पुरवणाऱ्या या डब्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून इथेच पैसे कापले जातात. "कॅबिनेटसोबत येतो" असं उत्तर आलं की समजा, साधा माल आहे. तो जाताना कधीकधी बोर्डालाही सोबत नेतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा (वीज कमी वाया घालवणारा) वेगळा एसएमपीएस मागा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४५० वॅट भरपूर झाले.

डेस्कटॉपच्या हिशेबात हमखास राहून जाणाऱ्या गोष्टीही सांगतो. बऱ्याच स्वस्त मदरबोर्डांवर वायफाय आणि ब्लूटूथ नसतं. वेबकॅम आणि माइक नसतो. स्पीकर नसतो. यूपीएस, चांगला एक्स्टेंशन बोर्ड आणि विंडोजचं लायसन्स हे सगळं वेगळं. या गोष्टी आधीच बेरजेत धरा.

४. कुठून घ्यायचा

गावातलं किंवा तालुक्याचं दुकान. भाव थोडा जास्त निघेल. पण दुकानदार चांगला असेल तर रात्री फोन उचलतो, घरी माणूस पाठवतो आणि बिघडलेला भाग स्वतः कंपनीकडे पाठवतो. पारख कशी करायची? कोणाच्या ओळखीवर जाण्यापेक्षा त्या दुकानातून दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या माणसाला गाठा आणि "बिघडल्यावर काय झालं?" एवढंच विचारा. दुकानात रिपेअरीचं टेबल आहे का, त्यावर मशीन उघडून कोणी बसलेलं दिसतं का, तेही बघा. नुसतं शोकेस असलेलं दुकान विकून मोकळं होतं.

मोठा बाजार. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा. पुण्यात तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. सुटे भाग निवडून असेंबल करायचं असेल तर अशा बाजारासारखी निवड दुसरीकडे नाही. लॅमिंग्टन रोडला किमान तीन दुकानांतून एकाच यादीचं कोटेशन घ्या आणि मगच बोला. फुटपाथवर "साहब, लॅपटॉप? सस्ते में" म्हणत मागे लागणाऱ्यांच्या नादी लागू नका, सरळ गाळ्यात जा.

पण एक लक्षात घ्या. असेंबल केलेल्या मशीनची एकच अशी वॉरंटी नसते. प्रोसेसरची वेगळी, बोर्डाची वेगळी, मॉनिटरची वेगळी, मुदतीही वेगवेगळ्या. बोर्ड गेला तर तो काढून त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचा. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला हे जमतं. कोकणातून किंवा मराठवाड्याच्या एखाद्या तालुक्यातून एका बोर्डासाठी मुंबई गाठायची म्हटलं तर बाजारात वाचवलेले पैसे गाडीभाड्यात जातात आणि वर दिवस मोडतो. असेंबल करायचंच असेल तर भाग निवडून यादी करा आणि ती जवळच्या शहरातल्या दुकानदाराकडून जुळवून घ्या. थोडे जास्त गेले तरी परवडतं.

कंपनीचा तयार डेस्कटॉप किंवा लॅपटॉप. जिथे जाणकार माणूस जवळ नाही, तिथे मी हाच सुचवतो. एकच कंपनी, एकच सिरियल नंबर, एकच फोन. मात्र "ऑन-साइट वॉरंटी" (घरी येऊन दुरुस्ती) म्हटलं तरी तुमच्या पिनकोडला ती मिळते का ते कंपनीच्या साइटवर किंवा ग्राहकसेवेला विचारून आधीच तपासा. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

ऑनलाइन. सणासुदीच्या सेलमध्ये, दसरा-दिवाळीच्या आधी आणि २६ जानेवारीच्या सुमारास, लॅपटॉप खरोखर स्वस्त मिळतात. घ्यायचा असेल तर तीन गोष्टी बघा. विक्रेता कोण आहे (साइट कोणाचीही असो, विकणारा वेगळाच असू शकतो). परत घेण्याची अट काय आहे: पैसे परत, की फक्त बदली, की "कंपनीच्या तंत्रज्ञाने तपासून सांगितल्यावरच"? आणि वस्तू नवी आहे की नूतनीकरण केलेली? "रिफर्बिश्ड" किंवा "रिन्यूड" हा शब्द नावाच्या शेवटी बारीक लिहिलेला असतो. नूतनीकरण केलेला माल वाईटच असतो असं नाही, पण तो नव्याच्या भावात घेऊ नका. सुटा मॉनिटर ऑनलाइन घ्यायचा तर खोका उघडून दाखवणारी डिलिव्हरी मिळत असेल तिथूनच घ्या.

५. कोटेशन लेखी घ्या, पूर्ण क्रमांकासह

कोटेशनमध्ये प्रत्येक ओळीत कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक, वॉरंटीची वर्षं आणि किंमत हवी. "१६ जीबी रॅम" हे कोटेशन नव्हे. कोणत्या कंपनीची, डीडीआर४ की ५, एक पट्टी की दोन, हे लिहिलेलं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलं तरी चालेल, उलट तारखेसकट पुरावा राहतो.

भाव जीएसटीसकट आहे का, हे पहिल्या वाक्यात विचारा. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. ४२,००० सांगितलेला सेट "प्लस जीएसटी" निघाला तर ४९,५६० होतो. रॅमचे भाव सध्या हलते असल्यामुळे कोटेशन किती दिवस चालेल तेही लिहून घ्या.

६. हप्त्यांवर घेत असाल तर

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे फुकट नव्हे. सहसा व्याजाइतकी सूट आधी दिली जाते आणि बँक तेच व्याज हप्त्यांतून घेते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्या खिशातून जातो. व्याज २,५०० रुपये असेल तर ४५० रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. आणि मुख्य म्हणजे, रोखीने किंवा यूपीआयने दिले तर किती कमी होतील ते विचाराच. बऱ्याच वेळा तिथे मिळणारी सूट हप्त्यांवर मिळत नाही.

७. सोबत न्यायची आणि नंतर जपायची कागदपत्रं

हप्त्यांसाठी आधार कार्ड, पॅन कार्ड, बँक खात्याचे तपशील आणि खात्याला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावरच येतात. सरळ पैसे देणार असाल तर यातलं काही लागत नाही.

खरेदीनंतर हे हातात आलंच पाहिजे:

– जीएसटीचं पक्कं बिल, तुमच्या नावाने
– बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर
– वॉरंटी कार्डं, शिक्का आणि तारखेसकट
– प्रत्येक भागाचा मूळ खोका
– विंडोज घेतलं असेल तर त्याची लायसन्स की किंवा खोका

"बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" हे वाक्य ऐकलं की ते दुकान सोडा. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदाराचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. जीएसटीच्या साइटवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं. नाव जुळलं पाहिजे.

सिरियल नंबरचा आग्रह का धरतो ते सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकांची एसएसडी वर्षाच्या आत गेली. बिलावर नुसतं "५१२ एसएसडी – १ नग" लिहिलं होतं. हीच ती एसएसडी हे सिद्ध करायला काही नव्हतं, आणि दुकानदाराने हात वर केले. वॉरंटी होती, पण कागदावर तिला पकडायला जागाच नव्हती. तेव्हा काउंटरवर उभं राहून, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकेक करून ताडून बघा. मागे रांग लागली तरी घाई करू नका.

८. ताब्यात घेताना तपासणी

असेंबल करून घेत असाल तर समोर बसून करून घ्या. सीलबंद खोके तुमच्या समोर उघडले जावेत. मशीन सुरू झालं की:

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि डिस्क दिसते. कोटेशन समोर धरून जुळवा.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. एसएसडी किती तास चालली आहे ते त्यात दिसतं. नवी असेल तर आकडा अगदी किरकोळ असतो. शेकड्यांत किंवा हजारांत दिसला तर ती कुणीतरी वापरलेली आहे, तिथेच बदलून मागा.

पूर्ण पडदाभर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग लावून मॉनिटरवर मेलेला ठिपका आहे का बघा. सगळी यूएसबी तोंडं पेन ड्राइव्ह लावून तपासा.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अ‍ॅक्टिव्हेशन बघा. लायसन्सचे पैसे न घेता दुकानदार "टाकून देतो" म्हणाला तर ते क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, असतं. ज्या मशीनवर घरातल्या सगळ्यांची बँक खाती उघडणार, त्यावर कुणाचंतरी अनोळखी अ‍ॅक्टिव्हेटर चालवू नका. पैसे नसतील तर विंडोजऐवजी उबंटू किंवा लिनक्स मिंट टाका आणि सोबत पत्रं-हिशेबासाठी लिबरऑफिस. दोन्ही मोफत आणि रीतसर. वेब बघणं, पत्रं, हिशेब, अभ्यास यांना ते पुरतं.

लॅपटॉप ऑनलाइन आला तर खोका उघडण्यापासून सुरू होईपर्यंतचं सलग व्हिडिओ चित्रण करा, पत्ता आणि सील दिसेल असं. मग सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. कधीकधी ती तुमच्या बिलाच्या आधीपासूनच सुरू झालेली दिसते. बिल पाठवलं की कंपनी दुरुस्त करून देते, पण ते लगेच करा. सोबत मायक्रोसॉफ्ट ऑफिस आलेलं असेल तर तेही पहिल्याच दिवशी अ‍ॅक्टिव्हेट करून टाका.

९. घरी लावताना

यूपीएस विकत घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला बोट लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर अर्थिंग नसण्याची किंवा तुटलेलं असण्याची शक्यता असते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत बसवून काम भागवू नका.

साध्या घरगुती डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा, नाहीतर वीज गेल्याक्षणी कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो.

मे महिन्याच्या शेवटी वळीव सुरू झाला की आमच्याकडे वीज पडून मोडेम आणि बोर्ड जातात. गडगडाट ऐकू आला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि राउटरकडून तांब्याच्या तारेने इंटरनेट येत असेल तर ती केबलही काढा. लाट तिच्यातूनही येते.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही घ्यायला नको. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांच्या सवयीने लिहायचं असेल तर फोनेटिकही आहे. शाळेतल्या मुलांना मी इन्स्क्रिप्टच शिकवा म्हणेन, एकदा बोटं बसली की वेग फार चांगला येतो.

पहिला महिनाभर मशीन रोज आणि भरपूर वापरा. मूळचा दोष असेल तर तो बहुतेकदा याच काळात वर येतो. तोवर एकही खोका रद्दीत देऊ नका.

१०. बिघडलं आणि दुकानदार ऐकत नसेल तर

बिलाच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे.

आधी लेखी तक्रार करा. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण फोनवर बोलून थांबू नका. सोबत बिलाचा फोटो, सिरियल नंबर आणि दोष दिसेल असा व्हिडिओ जोडा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर हलतात.

तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. याच कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. वस्तू मुंबईत घेतली असली तरी रत्नागिरीकराने रत्नागिरीतच जायचं. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. वकील लावलाच पाहिजे असं नाही. बिल, कोटेशन, झालेला पत्रव्यवहार आणि १९१५ चा तक्रार क्रमांक एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या.